अक्षदाचा उखाणा

माझं नाव करुणा. वॉर्डातल्या नव्या पोरी माझ्या माघारी म्हणतात, हिच्या आईबापांनी नाव ठेवायला जरा घाईच केली. म्हणू देत. सव्वीस वर्षं वॉर्डात काढली की जिभेला धार येते आणि पायांना सूज, दोन्हींवर औषध नाही. पण अक्षदाचं सांगताना माझी जीभ मलाच लागते. या प्रकरणात माझीही चूक आहे, ती लपवून काही सांगायचं म्हटलं तर सांगणंच नको.

ती आली तो सोमवार होता. सोमवारी आमच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नसते. पोरीचं वय वीस, पाचोडच्या पुढच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं, थोडी जमीन. महिनाभर ताप येत होता, जात होता. वजन सहा किलो उतरलेलं, सकाळी उठली की उशी घामानं ओलीचिंब. दोन ठिकाणी सलाइन लावून झालं होतं. तिच्याबरोबर तिची आई सारजाबाई होती आणि पलंगाच्या पायथ्याशी आणखी एक बाई, नवी कोरी साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन बसलेली.

"ह्या कोण?" मी विचारलं.

आईनं तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "मी कौसाबाई. पोराची आत्या. आमच्या माऊलीसंगं साखरपुडा झालाय हिचा. पोरगा वाळूजला कंपनीत हाय. म्होरल्या महिन्यात लगीन हाय, तवा लवकर बरी करा शिस्टर."

मी फॉर्म काढला. आमचा फॉर्म चार पानी आहे आणि मी तो पूर्ण भरते, म्हणून ज्युनिअर मला कंटाळतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? हृदयाचा काही त्रास? इतक्यात दात वगैरे काढला? एकेक प्रश्न मी विचारत गेले आणि सारजाबाई एकेकाला मान हलवत गेल्या.

"नाय बाई. काय बी नाय. माझी पोरगी लई धडधाकट हाय."

बोलताना त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं. मी ते बघितलं. पण शेजारच्या खाटेवरच्या आजींची सलाइन संपत आली होती, दारात स्ट्रेचर उभं होतं, आणि मी तीन ठिकाणी "नाही" लिहून पान उलटलं. नातेवाइकांना बाहेर काढून मग पेशंटची माहिती घ्यायची, हे मी दर वर्षी विद्यार्थिनींना घसा कोरडा पडेपर्यंत शिकवते. शिकवायला काय जातं?

डॉक्टरांनी टायफॉइड धरून औषध सुरू केलं. त्यांनी तरी काय करावं, माझ्या फॉर्मवर तीन "नाही" होते.

पोरगी गोड होती. हातांवर साखरपुड्याची मेंदी अजून गडद, नखंसुद्धा पार विटकरी रंगाची. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली की ती हात मागे घ्यायची. "दुखतंय," म्हणायची. मी म्हटलं, "अगं, वाळत घातलेल्या कपड्याचा चिमटा याच्यापेक्षा जोरात लागतो. एवढ्यानं रडलीस तर सासरी काय करशील?" ती ओशाळून हसायची आणि बोट पुढे करायची. सोमवारी मी हा विनोद केला. मंगळवारीही केला.

बुधवारी सकाळी तिची चादर बदलत होते तेव्हा पायांकडे लक्ष गेलं. पायांना मेंदी नव्हती. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली दोन बारीक काळपट रेघा होत्या, कुसळ रुतल्यासारख्या. मी चादर तशीच टाकली आणि खाली बसले. तळव्याला तांबडे डाग होते, दाबले तरी न दुखणारे. डोळ्याची खालची पापणी ओढली, आत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. मग हात घेतला, टॉर्च लावला. मधल्या बोटाच्या पेरावर, मेंदीच्या रंगाखाली, मुगाच्या दाण्याएवढी गाठ होती. हलकेच दाबली तर पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन दिवस मी त्याच गाठीवर क्लिप लावत होते आणि वर तिचीच थट्टा करत होते. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की मी तिचं बोट हातात धरून नुसतीच बसून राहिले.

डॉक्टर सुदर्शनला बोलावलं. निवासी डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचा, पण कान चांगला. त्यानं पंखा बंद करायला लावला, शेजारच्यांचा मोबाइल बंद करायला लावला आणि तिच्या छातीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावून बसला. उठला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"सिस्टर, हृदयाची झडप गळतेय. ही झडप आजची खराब झालेली नाही, जुनी आहे. तुमच्या फॉर्मवर तर काही नाही?"

मी सारजाबाईंना दंडाला धरून जिन्यात नेलं. आत्या त्या दिवशी नव्हती. तिथं त्या मटकन पायरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. आठ वर्षांची असताना पोरीचे गुडघे सुजले होते. डॉक्टर म्हणाले होते, झडपेला इजा झालीय, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं, आणि कधीही दात काढायचा झाला तर आधी हृदयाचं सांगायचं. दहा वर्षं एकवीस दिवस चुकले नाहीत. दोन वर्षांपूर्वी सोयरिकीची बोलणी सुरू झाली आणि यांनी इंजेक्शन बंद केलं. फाइल ज्वारीच्या कोठीत तळाशी घातली.

"आणि दात?" मी विचारलं.

"काढला बाई. साखरपुड्याच्या आदी. पाचोडच्या बाजाराला गेलो व्हतो, तिथंच काढला. त्यो डाक्टर इचारत व्हता, काय आजार हाय का म्हून. पर कौसाबाई संगंच व्हत्या. त्यांच्याम्होरं कसं बोलू? पयल्या दोन सोयरिकी याच्यापायी मोडल्यात. हिचा बाप मेंढरं घिऊन सा-सा महिने रानात, समदं माझ्यावर हाय."

मला त्यांच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. खोटं कशाला बोलू? माझा हात खरंच वर आला होता आणि तो मी कठड्यावर ठेवला. मग त्या बाईनं माझे पाय धरले, आणि राग कुठल्या कुठं गेला. पाय धरणाऱ्यावर रागावता येत नाही, हाही एक वैतागच आहे.

दोन-तीन दिवसांत सगळं स्पष्ट झालं. काढलेल्या दाताच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंनी हृदयाच्या आतल्या अस्तरात घर केलं होतं. सोनोग्राफीत झडपेवर ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा दिसत होता, ठोक्यागणिक हलणारा. सहा आठवडे शिरेतून औषध, आणि त्या सहा आठवड्यांत गोळ्याचा तुकडा सुटून कुठंही जाऊ शकतो. मेंदूत गेला तर काय, हे सुदर्शननं सारजाबाईंना समजावलं, मीही समजावलं. लग्न पुढे ढकलायला लागलं. आत्याला सारजाबाईंनी सांगितलं, टायफॉइड बिघडलाय. मी गप्प राहिले. पेशंटचा आजार पेशंटच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचा नसतो, आणि अक्षदानं मला हात जोडले होते. "सिस्टर, माऊलींना मीच सांगीन. बरी झाले की सांगीन. आत्ता नका." तिनं तिच्या मोबाइलवर मला त्याचा फोटो दाखवला होता. बरा होता पोरगा, कान जरा मोठे.

तर मग तपासणी. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास. लघवी लाल आहे का, डाव्या बरगडीखाली दुखतंय का, चारही हातापायांच्या नाड्या लागतात का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मेंदू. हस बघू, दोन्ही हात समोर धर, एक वाक्य बोल. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय बोलशील?" तर ती म्हणाली, काय बोलू? मी म्हटलं, "नवरी ना तू? उखाणा घे."

ती लाजून लाल झाली, पण घेतला. स्वतःच जुळवलेला होता.

"हिरव्या रानात मेंढरांची दाटी, माऊलींचं नाव घेते तुम्हा सगळ्यांसाठी."

त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. मी आले की वॉर्डातल्या बाया आधीच ओरडायच्या, "घे गं उखाणा!" शब्द स्पष्ट आले, ओठ दोन्ही बाजूंनी सारखे हलले, की मी चार्टवर टिक करायची. सारजाबाईंना मी बाजूला घेऊन बजावलं होतं. "तुमच्यासाठी हा खेळ नाही. माझी ड्युटी असो-नसो, ती उखाण्यात अडखळली, तोंड वाकडं झालं, हात पडला, तर त्या क्षणी ओरडायचं. कुणी बसलेलं असो, कुणी झोपलेलं असो. समजलं?" त्या म्हणाल्या, "व्हय बाई, समजलं." मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

दहा दिवसांत ताप उतरला. पोरगी भाकरी मागायला लागली. अकराव्या दिवशी तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली आणि माझ्या तोंडावर मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही उगाच चिडता, आतून बऱ्या आहात." मी म्हटलं, जास्त बोलू नकोस, सुई मोठी घेईन. मला ती लेक असल्यासारखी वाटायला लागली होती. असं वाटू द्यायचं नसतं. सव्वीस वर्षांत एवढी अक्कल यायला हवी होती.

बाराव्या दिवशी, भेटीच्या वेळेला, मी एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेले होते. तिथं मशिनपुढे रांग. परत आले तेव्हा सव्वापाच झाले होते. वॉर्डाच्या दारात कौसाबाई आणि तिच्याबरोबरच्या दोन बाया बाहेर पडत होत्या, हसत.

"शिस्टर, तुमची पेशंट लई लाजाळू बगा!" कौसाबाई म्हणाली. "आमी म्हनलं, आमाला बी आइकू दे की उखाणा. रोज घेती म्हनं. तर आमच्याम्होरं तोंडातून शबूद फुटंना. नुसती ह, ह, करती आन् आईकडं बगती. लाजली पार."

आणि मी हसले. हे मला सांगितलंच पाहिजे. अर्धा क्षण मीही हसले. मग ते "ह, ह" माझ्या डोक्यात शिरलं आणि मी धावले.

अक्षदा उशीला टेकून बसली होती. उजवा गाल ओघळलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, उजवा हात मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडलेला. सारजाबाई तिच्या शेजारी बसून पदरानं ती लाळ पुसत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी आणलेलं हसू अजून तसंच होतं. ते काढायचं त्या विसरल्या होत्या.

"कधीपासून?" मी ओरडले. "सारजाबाई, कधीपासून?"

"साडेचारपासून."

"पाऊण तास! आणि तुम्ही..."

"त्या बसल्या व्हत्या," सारजाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, आत्ता उठतील, आत्ता उठतील. चा मागवला त्यांनी. त्या हसाय लागल्या, तर म्या बी हसले बाई. म्या बी हसले."

पुढचं सगळं धावपळीत झालं. सीटी स्कॅन, मोठे डॉक्टर, फोन. मेंदूच्या डाव्या बाजूला तुकडा अडकला होता. एरवी अशी गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतात, पण या आजारात ते देता येत नाही, मेंदूत रक्त उतरतं. तार घालून काढावी, तर ती बारीक फांदीत जाऊन बसली होती, तार तिथं पोचत नाही. सुदर्शननं मला बाजूला घेऊन सांगितलं, पाऊण तास आधी कळलं असतं तरी बहुतेक फरक पडला नसता. "बहुतेक" हा शब्द तो दोनदा म्हणाला. मी त्या शब्दावर घरी, उस्मानपुऱ्यात, ताटासमोर बसून रडले. नवरा म्हणाला, कोण होती ती आपली? मी म्हटलं, जेव गप.

माझ्या डोक्यातून एक जात नव्हतं. खेळ मीच लावला होता. साधं वाक्य बोलायला लावलं असतं, आज वार कोणता, जेवलीस का, तर ती अडखळल्यावर कुणीही घाबरलं असतं. मी तिला उखाणा घ्यायला लावला. आणि उखाण्यात अडखळलेल्या नवरीला बघून आपल्याकडे कुणीही हसणारच.

दोन दिवसांनी माऊली आला. कंपनीच्या कपड्यांतच होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सारजाबाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी काय पळून गेलो असतो का?"

खरं सांगायचं तर मला त्याचा भरवसा नाही. आता बोलायला सोपं आहे. सांगितलं असतं तर कदाचित पळालाही असता. पण विचारलं कुणी होतं त्याला? तो पलंगाजवळ गेला, अक्षदाकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि पाच मिनिटांत गेला. पुन्हा आला नाही. सोयरीक मोडल्याचा फोन कौसाबाईचा आला, तोही वस्तीवरच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर.

माऊली येऊन गेला त्याच दिवशी दुपारी मी अक्षदाची तपासणी करत होते. उजवा हात अजून हलत नव्हता. बोलायला गेली की फक्त "ह" यायचा, तोही मोठ्या कष्टानं. पण मला बघायचं होतं तिला समजतं किती.

"डोळे मिट." मिटले.

"डावा हात वर कर." केला.

"खिडकी कुठंय?" तिनं खिडकीकडे पाहिलं.

"मी तुझी सासू आहे का?" तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि ओठाचा चांगला कोपरा किंचित वर गेला. थट्टासुद्धा समजत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा.

सारजाबाई पलंगाकडे पाठ करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. आवाज इतका बसला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"बाई, एक इचारते. खरं सांगा. तवा, त्या बसल्या व्हत्या तवा, ही माझ्याकडं बगत व्हती. सारखी बगत व्हती. डोळं असं मोठं करून. आन् म्या हसत व्हते. तवा हिला समजत व्हतं का? म्या बगून बी उठले नाय, हे तिला समजत व्हतं का?"

पेशंटच्या नातेवाइकांना मी खोटा दिलासा देत नाही, त्याबद्दल माझी ख्याती आहे. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मला दुसरं काही बोलता येईना.

"नाही, सारजाबाई," मी म्हटलं. "त्या वेळी मेंदू सुन्न झालेला असतो. पेशंटला काही समजत नाही. ती तुमच्याकडे बघत नव्हती, नुसते डोळे उघडे होते."

सारजाबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. त्या रडायला लागल्या, दोन दिवसांत पहिल्यांदाच. "तुमचं लई उपकार हायेत बाई," म्हणाल्या. "तेवढंच मला पायजे व्हतं."

त्यांच्या खांद्यावरून मला अक्षदा दिसत होती. ती आमचं बोलणं ऐकत होती. तिनं आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उशीवरच हळूहळू मान हलवली. नाही. मग आणखी एकदा, नाही.

मी सारजाबाईंना तिच्याकडे वळू दिलं नाही. तोंड धुऊन या म्हटलं, चहा घेऊन या म्हटलं, आणि त्या गेल्यावर चार्ट उघडून त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: बोलता येत नाही. समजतं सगळं.